ब्रदर, जरा इकडे या!

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात माणसं नात्यांनी ओळखली जातात. फरशी पुसणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा, इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर. डॉक्टर तेवढे डॉक्टर. या गोतावळ्यात सलाईन लावणारा, ड्रेसिंग करणारा, केसपेपरवर ताप-रक्तदाब लिहिणारा एक तरुणही असतो. त्याला काय म्हणायचं, हे नातेवाइकांना पटकन सुचत नाही. कुणी 'डॉक्टरसाहेब' म्हणतं, कुणी 'कंपाउंडर'. कुणी 'मामा' अशी हाक मारून बेडपॅन आणायला सांगतं. दोन दिवसांनी शेजारच्या खाटेवरचा जुना पेशंट समजावतो, 'अहो, ते ब्रदर आहेत.'

ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. सिस्टरांनी जो अभ्यासक्रम केला तोच त्यानेही केलेला असतो. तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंगची पदवी, त्यानंतर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. ड्युट्याही त्याच, नाईटसुद्धा त्याच. तरीही आयुष्यभर त्याला एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं: 'डॉक्टरकीला नंबर लागला नाही का?' एखाद्या सिस्टरला हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. तिने नर्स व्हायचं ठरवलं असेल, असं आपण धरून चालतो. त्याचं मात्र काहीतरी हुकलं असणार, अशी आपली समजूत असते. लग्नाच्या बोलणीत तर त्याच्या घरचेही अडखळतात. मुलगा काय करतो? 'मेडिकल लाइनमध्ये आहे', 'मोठ्या हॉस्पिटलात असतो'. 'नर्स आहे' असं सरळ सांगणारे आईवडील कमीच.

भाषेनेही त्याची पंचाईत केली आहे. मराठीत 'परिचारिका' हा रुळलेला, सन्मानाचा शब्द. त्याचं पुल्लिंगी रूप 'परिचारक' कोशात आहे, पण ते ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर नर्स येत नाही. जिल्हा परिषदेत 'परिचर' म्हणजे तर शिपाई. सरकारी भरतीच्या जाहिरातीत 'अधिपरिचारिका' असं पदनाम असतं आणि मुलगे त्याच पदासाठी अर्ज भरतात. केंद्र सरकारने २०१६मध्ये 'स्टाफ नर्स'ऐवजी 'नर्सिंग ऑफिसर' हे नाव आणलं, तेव्हा कागदावरची अडचण सुटली. वॉर्डात मात्र 'ओ ऑफिसर' अशी हाक मारणार कोण? तिथे ब्रदरच चालतं.

'सिस्टर' आणि 'ब्रदर' हे दोन्ही शब्द ख्रिस्ती मठांतून आले. आजाऱ्यांची सेवा हे व्रत मानणाऱ्या जोगिणी होत्या, तसेच व्रतस्थ पुरुषही होते. सोळाव्या शतकात इटलीतल्या कामिलस नावाच्या एका सैनिकाने जुगारात सगळं गमावलं. पायाची जखम भरेना, म्हणून रोमच्या रुग्णालयात त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथली आबाळ पाहून त्याने रुग्णसेवा करणाऱ्या पुरुषांचा संघ उभा केला. त्यांच्या काळ्या झग्यावर लाल क्रूस असे, आणि तोही रेडक्रॉस संघटनेच्या सुमारे तीनशे वर्षं आधी. कॅथलिक परंपरेत नर्स आणि आजारी माणसं या दोघांचा रक्षक संत म्हणून आजही त्याचं नाव घेतात.

आपल्याकडचा जुना दाखला याहून बोलका आहे. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, सेवा करणारा आणि रोगी. सेवा करणाऱ्याच्या अंगी सेवेचं ज्ञान, हातांची सफाई, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता हवी, असं त्यात म्हटलं आहे. याच ग्रंथात रुग्णगृह कसं सज्ज ठेवावं याचं वर्णन येतं. पेज-कढण शिजवणारे, आंघोळ घालणारे, अंग चोळून देणारे, रोग्याला उठवून बसवणारे, औषध कुटणारे आणि कुठल्याही कामाला नाक न मुरडणारे सेवक तिथे असावेत. गाणी म्हणणारे आणि गोष्टी सांगणारेही असावेत. हे सगळे उल्लेख पुल्लिंगी आहेत. काहिरामध्ये सुलतान कलावूनने १२८४मध्ये बांधलेल्या बीमारिस्तानात पुरुषांचे आणि स्त्रियांचे विभाग वेगळे होते. पुरुष रुग्णांकडे पुरुष सेवक पाहत, स्त्रियांकडे स्त्रिया. उर्दूत आजाऱ्याच्या सेवेला 'तीमारदारी' म्हणतात. 'तीमार' हा फारसी शब्द, अर्थ काळजी, देखभाल. तीमारदार मुलगा असेल, सून असेल, शेजारी असेल. शब्दाला त्याचं सोयरसुतक नाही. संस्कृतातला 'शुश्रूषा' तर याहून गंमतीचा. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. रोगी काय म्हणतो ते ऐकायची तयारी असली की बाकीची सेवा आपोआप मागून येते, असं ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना वाटलं असावं.

मग हे काम निव्वळ बायकांचं कधी झालं? उत्तर फार जुनं नाही, दीड-पावणेदोनशे वर्षांतलं आहे. क्रिमियाच्या युद्धात १८५४मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातल्या लष्करी रुग्णालयात गेल्या. त्याआधी तिथे शुश्रूषेचं काम पुरुष ऑर्डर्लीच करत, आणि बहुतेकांना कसलंच शिक्षण नव्हतं. नाइटिंगेलबाईंनी हवा, पाणी, स्वच्छता आणि नोंदी यांची शिस्त आणली. १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा काढली. घराबाहेर मानाने कमावता येईल असं काम तेव्हाच्या इंग्रज मुलीला फारसं नव्हतं. या शाळेने तिला ते दिलं, आणि हे उपकार थोडके नव्हेत. पण शुश्रूषा हा स्त्रीचा स्वभावच आहे, हा विचारही त्याबरोबर घट्ट झाला. ब्रिटनमध्ये १९१९च्या कायद्याने नर्सची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यात मुख्य यादी स्त्रियांची होती, पुरुषांसाठी वेगळी पुरवणी यादी. त्या दोन याद्या एक व्हायला १९४९चा कायदा लागला. अमेरिकेच्या सैन्यात १९०१मध्ये नर्सचं स्वतंत्र दल उभं राहिलं. त्यात पुरुषाला पहिल्यांदा कमिशन मिळालं ते १९५५मध्ये.

मधल्या काळाची कल्पना लूथर क्रिस्टमन यांच्यावरून येते. १९१५मध्ये जन्मलेला हा अमेरिकन माणूस फिलाडेल्फियातल्या पुरुषांच्या नर्सिंग शाळेतून शिकला. दुसऱ्या महायुद्धात नर्सचा तुटवडा होता. क्रिस्टमन यांनी थेट आघाडीवर जाऊन नर्स म्हणून काम करण्याची तयारी दाखवली. उत्तर आलं: नर्सच्या दलात पुरुष घेत नाहीत. गोळ्या खाणारे पुरुष चालत होते, त्यांच्या जखमा बांधणारा पुरुष चालत नव्हता. पुढे हाच माणूस व्हँडरबिल्ट विद्यापीठात नर्सिंगचा डीन झाला. अमेरिकेतल्या पुरुष नर्सची संघटना उभी करण्यातही त्यांचा हात होता.

या साऱ्या इतिहासात गांधीजींचं नाव सहसा घेतलं जात नाही, ते घ्यायला हवं. दक्षिण आफ्रिकेत वकिली जोरात असताना ते एका धर्मादाय दवाखान्यात रोज काही वेळ काम करत. बोअर युद्धात त्यांनी सुमारे ११०० हिंदी माणसांचं शुश्रूषा-पथक उभं केलं. त्यात गिरमिटिया मजूर होते, सुशिक्षित होते, हिंदू होते आणि इतर धर्मांचेही होते. १९०६मध्ये नाताळ प्रांतात झुलूंचं बंड झालं. तेव्हा जेमतेम दोन डझन माणसांची तुकडी घेऊन ते गेले. जखमी झुलूंना हात लावायला गोरे तयार नव्हते. फटक्यांच्या जखमा पाच-सहा दिवस तशाच राहून सडल्या होत्या. या पथकाने त्या धुतल्या. घरातही तेच. धाकट्या मुलाच्या जन्माच्या वेळी सुईण वेळेवर मिळाली नाही, तेव्हा गांधीजींनी स्वतः बाळंतपण पार पाडलं. त्यासाठी त्यांनी आधीच एक गुजराती पुस्तक मन लावून वाचून ठेवलं होतं. पुढे सेवाग्रामला, आपल्या वर्ध्याला, परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित कुष्ठरोगाने पोखरून गेलेल्या अवस्थेत आले. त्यांच्यासाठी आश्रमात कुटी बांधली गेली. गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा पाहत, मालिश करत. ती कुटी आजही आश्रमात आहे.

पण महात्म्याने केलं की ते काम 'सेवा' होतं. पगार घेऊन, हजेरीवर सही करून रोज तेच करणाऱ्या तरुणाच्या वाट्याला मात्र थट्टा येते. या कामाची खरी अडचण स्पर्शात आहे. नर्सिंगमध्ये अनोळखी माणसाच्या उघड्या अंगाला हात लावावा लागतो. अंग पुसायचं, कूस बदलायची, लघवीची नळी घालायची, ऑपरेशनआधी केस काढायचे, मळलेली चादर माणसासकट हलवून बदलायची. स्त्रीचा हात आईचा-बहिणीचा मानण्याची सवय समाजाला आहे, म्हणून तो खपून जातो. पुरुषाच्या हाताकडे मात्र आधी संशयाने पाहिलं जातं. बायकांच्या वॉर्डात ब्रदर एकटा पडदा ओढत नाही, सोबत सिस्टर किंवा मावशी उभी राहील हे पाहतो. हे शहाणपण त्याला पुस्तकाआधी सीनियर शिकवतात. पेशंटच्या अब्रूइतकीच ती त्याच्या स्वतःच्या नोकरीची ढाल असते.

दुसरी बाजूही रोज दिसते. साठी-सत्तरीचा म्हातारा, आयुष्यात बायकोखेरीज कुणासमोर अंगरखा काढला नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर नळी बदलायला सून-नातीच्या वयाची सिस्टर आली की तो तोंड भिंतीकडे वळवतो. ब्रदर आला की त्याचा श्वास मोकळा होतो. मग तो ज्या गोष्टी डॉक्टरला सांगितल्या नव्हत्या त्याही सांगतो. रमजानचा महिना घ्या. मुस्लीम पेशंटचा पहिला प्रश्न असतो, 'रोजा ठेवू का?' आजाऱ्याला सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात, हे त्याला ठाऊक असतं. तरी मन मानत नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरसमोर तो नुसता मान डोलावतो. हा प्रश्न तो पहाटे तीनला विचारतो, सेहरीची वेळ जवळ आलेली असताना, आणि त्या वेळी जवळ असतो नाईटचा ब्रदर किंवा सिस्टर. साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिन चालू असलेल्या माणसाला 'चाचा, सकाळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहायचं नाही' असं दटावून सांगणारा ब्रदर हिंदू असो की मुसलमान, त्या घडीला चाचा ऐकतो. एरवी घरात तो कुणाचं ऐकत असेल, असं दिसत नाही.

वॉर्डातली कामाची वाटणीही ठरलेली. पेशंट नव्वद किलोचा आहे? ब्रदरला बोलवा. दारू प्यालेला माणूस आरडाओरडा करतोय? ब्रदर. नातेवाईक अंगावर धावून आले? ब्रदर पुढे. मनोरुग्ण विभाग, अपघात विभाग, ऑपरेशन थिएटर, आयसीयू इथे त्यांची ड्युटी जास्त लागते, आणि बरेच जण आपण होऊनही तिकडे वळतात. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०१३मध्ये पुरुष नर्सवर अहवाल काढला. त्यानुसार १९७०मध्ये नोंदणीकृत नर्समध्ये पुरुष २.७ टक्के होते, २०११पर्यंत ते ९.६ टक्के झाले. पण भूल देणाऱ्या नर्समध्ये त्यांचं प्रमाण ४१ टक्के होतं. जिथे यंत्र जास्त, पगार जास्त आणि उघड्या अंगाला हात लावण्याची वेळ कमी, तिकडे ते सरकतात. काही हौसेने, काही ढकलले गेलेले. करोनाच्या साथीत २०२०मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आयसीयूतून बाहेर आले आणि आपल्या खाटेशी जागलेल्या दोन नर्सचे त्यांनी नाव घेऊन आभार मानले. एक न्यूझीलंडची स्त्री, दुसरा पोर्तुगालचा पुरुष.

प्रसूती विभाग मात्र पुरुष नर्ससाठी अवघड दार. ब्रिटनमध्ये पुरुषांना सुईणीचं काम करण्याची पूर्ण मुभा १९८३मध्ये मिळाली. आपल्याकडे नर्सिंग शिकणाऱ्या मुलाला प्रसूतीचा अभ्यास आहे, पण प्रत्यक्ष खोलीत तो दाराशीच घुटमळतो. बाई नको म्हणाली तर विषय संपला, आणि तो संपलाच पाहिजे. अंग तिचं आहे, कुणी हात लावावा हे तीच ठरवणार. फक्त एक गोष्ट खटकते. त्याच खोलीत बाळंतपण करणारे डॉक्टर पुरुष असतात आणि गावोगाव लोक त्यांचंच नाव विचारत येतात. तिथे कुणाला संकोच होत नाही. म्हणजे अडचण पुरुषाची आहे की नर्सची? हाताला हुकूम देण्याचा अधिकार असला की तो डॉक्टरचा हात होतो, सेवा करणारा असला की परपुरुषाचा. इथे लाजेपेक्षा पायरीचा हिशेब जास्त दिसतो.

हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका वेगळ्या रूपात गेला होता. मिसिसिपी राज्यातल्या कोलंबस गावात जो हॉगन नावाचा नोंदणीकृत नर्स १९७४पासून एका रुग्णालयात सुपरवायझर होता. पदवी नव्हती, ती घ्यायची होती. गावातच सरकारी महिला विद्यापीठाची नर्सिंग शाळा होती. १९७९मध्ये त्याने अर्ज केला. गुण, अनुभव, सगळं बसत होतं. केवळ पुरुष आहे म्हणून नकार मिळाला. वर्गात मागे बसून ऐकायचं असेल तर ये, असं सांगण्यात आलं; पदवीसाठी ते धरणार नव्हते. मुलांना घेणाऱ्या दुसऱ्या सरकारी नर्सिंग शाळा दीडशे मैलांच्या आसपास किंवा त्याहून लांब. नोकरी-संसार सोडून त्याने तिकडे जावं, असा राज्याचा हिशेब होता.

१ जुलै १९८२ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार. बहुमताचा निकाल लिहिला सँड्रा डे ओकॉनर यांनी. त्या न्यायालयाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला न्यायाधीश, आदल्याच वर्षी नेमल्या गेलेल्या. राज्याचं म्हणणं होतं, स्त्रियांवर पूर्वी झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून ही शाळा फक्त त्यांच्यासाठी आहे. ओकॉनरबाईंनी आकडे पुढे ठेवले. ही शाळा सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १९७०मध्ये, नर्सिंगच्या पदव्यांपैकी मिसिसिपीत ९४ टक्के आणि देशभरात ९८.६ टक्के स्त्रियांनीच मिळवल्या होत्या. ज्या दारातून स्त्रियांना कधी अडवलंच नव्हतं, तिथे भरपाई कसली? उलट अशा नियमामुळे नर्सिंग म्हणजे बायकांचं काम ही जुनी समजूत पक्की होते, असं त्यांनी लिहिलं. मुलांना वर्गात बसून ऐकू देता, म्हणजे त्यांच्या असण्याने मुलींच्या शिक्षणात अडथळा येत नाही हे तुम्हीच मान्य करता, हाही मुद्दा होता. विरोधी मत देणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं: मुलींना फक्त मुलींच्या संस्थेत शिकायचं असेल तर ती निवड राहावी, आणि राज्यात इतर पर्याय आहेतच. पण हॉगनला प्रवेश मिळाला. त्या विद्यापीठात आज मुलगेही शिकतात, नाव मात्र अजून महिला विद्यापीठ असंच आहे.

त्या निकालाच्या एका तळटिपेत मोलाची गोष्ट आहे. पुरुषांना या व्यवसायाबाहेर ठेवल्यामुळे नर्सचे पगार दबून राहिले, असं अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांचं मत तिथे नोंदवलेलं आहे. संघटना प्रामुख्याने स्त्रियांची, हे लक्षात घ्या. घरात आई करते ते काम बाहेर पगार घेऊन केलं तरी त्याला 'माया' म्हणायचं, कौशल्य म्हणायचं नाही. आणि मायेचा कुणी नीट भाव ठरवत नाही. खासगी दवाखान्यांत नर्सच्या हातात महिन्याला काय पडतं, हे गावातल्या कुणालाही विचारून पाहावं. ब्रदरची थट्टा आणि सिस्टरचा तुटपुंजा पगार, दोन्हींचं मूळ एकच आहे.

अर्थात ब्रदर बिचारा आणि सिस्टर सुखी, असं चित्र रंगवलं तर ते खोटं ठरेल. समाजशास्त्रज्ञ ख्रिस्तीन विल्यम्स यांनी १९९२मध्ये एक शब्दप्रयोग रूढ केला: काचेचा सरकता जिना. बायकांच्या मानल्या गेलेल्या व्यवसायांत पुरुष आला की त्याला आडकाठी होण्याऐवजी तो भराभर वर ढकलला जातो. 'तू इथे खाली काय करतोस, साहेब हो' असं म्हणत. अमेरिकेच्या त्याच जनगणना अहवालात पुरुष नर्सची वर्षाची सरासरी कमाई ६०,७०० डॉलर आणि स्त्रियांची ५१,१०० डॉलर होती. २००९मध्ये अडिया हार्वी विंगफिल्ड यांनी त्यात भर घातली. हा जिना कृष्णवर्णीय पुरुष नर्सना तितकासा लाभत नाही, असं त्यांना आढळलं. त्यांना पेशंट सफाई कामगार समजतात. आपल्याकडच्या 'मामा, बेडपॅन आणा'ची आठवण इथे होते. शिवाय जात, धर्म, नाव आणि रंग पाहून हाक बदलण्याची सवय आपल्याला कुणी वेगळी शिकवायला नको.

आपल्याकडच्या भांडणाला वेगळंच वळण आहे. २०१९मध्ये एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना, असं ठरलं. बाजूने बोलणारे म्हणतात, पेशंटमध्ये स्त्रिया असतात, लहान मुलं असतात, त्यांच्या सोयीचा विचार नको का? शिवाय मुलींसाठी आधीच किती नोकऱ्या मोकळ्या आहेत? दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण बायकांच्या वॉर्डात सिस्टर हवी, ही गरज ड्युटीच्या तक्त्यात भागवता येते. मुलाने चार वर्षं फी भरून तोच अभ्यास केल्यानंतर भरतीच्या दारात त्याला पाचातली एक जागा दाखवायची, तर ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी सांगायला हवी होती. आणि पुरुषांच्या वॉर्डात भिंतीकडे तोंड करणाऱ्या म्हाताऱ्याची सोय कुणी बघायची?

लष्कराची गोष्ट याहून जुनी. भारताची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस ब्रिटिशांच्या १९४३च्या अध्यादेशावर चालते आणि त्यात नेमणूक फक्त स्त्रियांची. अमेरिकेने ही अट १९५५मध्ये काढली. आपल्याकडे ती स्वातंत्र्यानंतरही राहिली. २०२५च्या सुरुवातीला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने ती घटनाबाह्य ठरवली. नर्सिंग शिकलेल्या पुरुषांनी नेटाने धरलेला हा प्रश्न. आपल्या सीमेला लागून असलेल्या धारवाडात हे घडलं, तरी मराठी वृत्तपत्रांत त्याची फारशी चर्चा दिसली नाही.

रमजान आणि बारावीच्या परीक्षा अलीकडे एकाच सुमारास येतात. इफ्तारच्या दस्तरखानावर काय, किंवा शेजारच्या घरी चहावर काय, 'पुढे काय करणार' हा विषय निघतोच. जीवशास्त्र घेतलेल्या मुलाच्या घरात नीटच्या गुणांची धास्ती असते. बी. एस्सी. नर्सिंगसाठी महाराष्ट्रात राज्याची वेगळी सीईटी असते, अर्ज मुलगेही करू शकतात. घरच्यांनी दोन-तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेचं आहे का, मुलांसाठी वसतिगृह आहे का, प्रॅक्टिकलला किती खाटांचं रुग्णालय आहे, आणि प्रसूती विभागात मुलांना खरोखर शिकू देतात की त्या दिवशी बाहेर बसवतात. शेवटचा प्रश्न प्राचार्यांपेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारलेला बरा. आणि मुलाचा नंबर लागलाच, तर पाहुण्यांना सांगताना 'मेडिकल लाइन' म्हणायची गरज नाही. नर्सिंगला गेलाय म्हणावं.